फोनवरचं डिक्टेशन आणि न कळणारे उच्चार: ब्लँक कमी कसे करायचे?

सायली_एमटी

नमस्कार मंडळी. मी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन (एमटी) करते, म्हणजे डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं डिक्टेशन ऐकून टाइप करते. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या अकाउंटवर (म्हणजे त्या क्लायंटच्या कामावर) कन्सल्ट, डिस्चार्ज समरी आणि एंडोस्कोपीचे रिपोर्ट करते. बहुतेक डॉक्टर नीट कळतात, दोघांपाशी मात्र गाडी अडते.

पहिले कार्डिऑलॉजिस्ट. मातृभाषा स्पॅनिश असावी, आणि डिक्टेशन फोनवरून. औषधांची यादी आली की फिफ्टीन की फिफ्टी, एस की एफ, काहीच ठरत नाही. दुसरे गॅस्ट्रोचे. ते अमेरिकनच आहेत, पण भरधाव बोलतात आणि वाक्याचा शेवट गिळून टाकतात.

वेग ७० टक्क्यांवर आणला तर आवाज आणखी गिचमिड होतो. व्हॉल्यूम वाढवला तर खरखर वाढते. ब्लँक (न कळलेल्या शब्दाची रिकामी जागा) जास्त सोडले तर क्यूएचा, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्यांचा, शेरा, अंदाजाने भरलेला शब्द चुकला तरी शेरा. ऑडिओ साफ करायला काही करता येतं का? उच्चार ओळखायची काही पद्धत आहे का? आणि ब्लँक नेमका कधी सोडायचा?

---

हेडफोन

आधी यंत्राचं बघू, कारण त्यातलं बरंचसं एकदाच करायचं काम आहे.

साध्या फोनलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो. 'स'चा बराचसा जोर असतो ४००० हर्ट्झच्या वर, आणि 'फ' मुळातच दुबळा. म्हणजे फोनवरच्या डिक्टेशनमध्ये एस आणि एफ यांतला फरक तुमच्यापर्यंत जेमतेम पोचतो. तो कानाने शोधत बसू नका, ऑडिओत तो जवळपास नाहीच. डॉक्टर स्पेलिंग सांगताना 'एस ॲज इन सॅम' म्हणतात ते याचसाठी.

म्हणूनच फोनच्या फाइलला ट्रेबल चढवून उपयोग नसतो, फक्त सूं आवाज वाढतो. प्लेअरला इक्वलायझर असेल तर २०० हर्ट्झच्या खालचं कमी करा (एसीची घरघर तिथेच असते) आणि २००० ते ३४०० हा पट्टा ४ ते ६ डेसिबलने उचला. व्यंजनं थोडी सुटी होतात. नॉइज रिडक्शन जपून. जास्त लावलं की खरखरीबरोबर शब्दाच्या शेवटचे 'त', 'क', 'प'ही जातात, आणि गिळून बोलणाऱ्या डॉक्टरांचे नेमके तेच हवे असतात.

वेगाचं म्हणाल तर ८५ ते ९० टक्क्यांच्या खाली जाऊ नये असं माझं मत. त्याखाली सॉफ्टवेअर आवाज ताणतं आणि व्यंजनाची सुरुवात पसरट होते. 'प', 'ब', 'व्ह' एकसारखे लागतात. जे डॉक्टर अडखळत, शब्दाशब्दात थांबून बोलतात त्यांना उलट ११० ते ११५ टक्क्यांवर ऐका. तुटलेले शब्द जवळ येतात आणि वाक्याची चाल कळते.

एक्सप्रेस स्क्राइब (ऐकून टाइप करण्यासाठीचा प्लेअर) वापरत असाल तर पायाचं पेडल सोडल्यावर किती मागे जायचं ते मिलिसेकंदात ठरवता येतं. एरवी १००० ठीक आहे, अवघड डॉक्टरांना २००० ठेवा. अडलेला शब्द एकटा परत परत ऐकला की कान त्यात वाट्टेल ते ऐकू लागतो. मागचे तीन-चार शब्द सोबत आले पाहिजेत.

हेडफोन तारेचा घ्या. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू असला की आवाजाचा पट्टा पुन्हा फोनसारखा अरुंद होतो, आणि ते लक्षातही येत नाही. आवाज एकाच कानात येत असेल तर विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू करा.

आणि कृपा करून ऑडिओ साफ करायला कुठल्याही ऑनलाइन साइटवर चढवू नका. रुग्णाचं नाव, जन्मतारीख सगळं त्यात असतं. हा सरळसरळ हिपाचा, म्हणजे रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याच्या अमेरिकन कायद्याचा, भंग आहे. कायदा १९९६ सालचा आहे आणि क्लायंटबरोबरच्या करारातून तो आपल्यालाही बांधतो. स्वतःच्या मशीनवर ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) वापरायचं असेल तरी आधी कंपनीला विचारा. बऱ्याच ठिकाणी फाइल प्लॅटफॉर्मबाहेर काढायलाच मनाई असते.

---

निळी_शाई

हेडफोन यांच्याशी एका बाबतीत असहमत. औषधांच्या नावासाठी ७५ टक्क्यांवर एकदा ऐकून बघायला हरकत नाही, फक्त अवयव (शब्दाचे उच्चारातले तुकडे) मोजायला. तीन की चार, एवढंच कळलं तरी अर्धी नावं बाद होतात. अक्षर ओळखायला मात्र पुन्हा मूळ वेगावरच या.

आता उच्चारांबद्दल. अवघड डॉक्टरांच्या बोलण्यात चुका वाटेल तशा नसतात. एकच बदल ते प्रत्येक वेळी करतात. तो एकदा सापडला की निम्मं काम झालं.

स्पॅनिश भाषकांचे ब आणि व्ह एक होतात, म्हणून 'व्हर्टिगो'चं 'बर्टिगो'. एसने सुरू होणाऱ्या जोडाक्षराआधी 'ए' लागतो: 'एस्टेनोसिस', 'एस्टेबल'. इथे धोका आहे. 'पेशंट इज एस्टेबल' आणि 'पेशंट इज अनस्टेबल' फोनवर फार जवळ येतात, तेव्हा पुढचे व्हायटल्स (नाडी, बीपी वगैरे) बघितल्याशिवाय सोडू नका. 'जॉन्डिस'चं 'यॉन्डिस' होतं. ऱ्हस्व-दीर्घ इ मध्ये फरक राहत नाही.

फिलिपिनो डॉक्टरांचे प आणि फ उलटसुलट होतात: 'फीव्हर'चा 'पीबर', कधी 'पेन'चा 'फेन'. अरबी भाषकांना 'प' नसतो: 'बेशंट', 'बल्स', 'बॉझिटिव्ह'. कोरियन आणि जपानी डॉक्टरांकडे र-ल चा घोळ, म्हणून लेफ्ट-राइट जपून. व्हिएतनामी आणि चिनी डॉक्टर शब्दाचं शेवटचं व्यंजन सोडतात: 'फाइव्ह' आणि 'फाइन' दोन्ही 'फाय', आणि क्रियापदाचा भूतकाळ, अनेकवचनाचा एस सगळं गायब. रशियन बोलणारे 'अ', 'द' गाळतात, ते तुम्ही व्याकरणाप्रमाणे घालायचं.

आपल्याकडच्या डॉक्टरांचेही उच्चार असतात. तेलुगू किंवा तमिळ भाषकांचं 'एमआरआय' हे 'यम आर आय' असतं, बंगाली भाषकांचं 'व्हेंट्रिकल' हे 'भेंट्रिकल'. ते कानाला ओळखीचे वाटतात म्हणून आपण कमी काळजीने ऐकतो, आणि तिथे चुका राहतात.

ब्रिटिश पद्धतीने शिकलेल्यांची वेगळीच गंमत. 'सर्व्हिकल'ला 'सर्वायकल', 'एपिनेफ्रीन'ला 'ॲड्रेनलिन', 'ॲसिटॅमिनोफेन'ला 'पॅरासिटॅमॉल', 'अल्ब्युटेरॉल'ला 'साल्ब्युटॅमॉल'. शब्द बरोबरच ऐकू येतो, पण अमेरिकन औषधयादीत सापडत नाही म्हणून आपण स्वतःच्या कानावर शंका घेतो. नाव बदलायचं की बोललेलं ठेवायचं ते अकाउंटच्या सूचनांत असतं. नसेल तर बोललेलं ठेवा आणि टीप द्या. बरेच अमेरिकन डॉक्टरही 'सेंटिमीटर'ला 'सॉन्टिमीटर' म्हणतात, तो वेगळा शब्द नाही.

शोधायची माझी पद्धत: ऐकू आलेला आवाज आधी देवनागरीत लिहा. आपली लिपी आवाज लिहायला इतकी सोयीची आहे की तिचा फायदा न घेणं म्हणजे नुकसान. रोमन अक्षरांत लिहायला गेलं की डोकं लगेच ओळखीच्या स्पेलिंगकडे धावतं. कागदावर 'ग्वायॅक निगेटिव्ह' लिहिलं की शौचाच्या रक्ततपासणीतलं ग्वायॅक सापडतं. रोमनमध्ये लिहू गेलेला माणूस 'क्वाइट निगेटिव्ह' लिहून मोकळा होतो.

मग त्या आवाजाची स्पेलिंगं किती होऊ शकतात ते बघा. 'ट'ने सुरू होणारा शब्द पी-टी ने लिहिला जाऊ शकतो (टोसिस, टेरिजिअम), 'स' पी-एस ने (सोअस), 'न' पी-एन ने (न्यूमोनिया), 'झ' एक्स ने (झायफॉइड), 'र' आर-एच ने (राँकाय), 'फ' पी-एच ने. वनलुक या शब्दकोश-शोधकात प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, तारा म्हणजे कितीही. शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेवटचा प्रत्यय पक्का असेल तर मधे तारा टाकून यादी मिळते. तीतून संदर्भात बसणारा एखाद-दुसराच उरतो.

---

डोस_आणि_मात्रा

औषधांसाठी कानापेक्षा डोस जास्त विश्वासू. बाजारात कुठल्या ताकदीच्या गोळ्या मिळतात ते ठरलेलं असतं. डेलीमेड या अमेरिकन सरकारी साइटवर बहुतेक अमेरिकन औषधांची लेबलं आहेत, त्यातला 'कसं पुरवलं जातं' हा भाग उघडायचा.

सायलीताई, तुमचा फिफ्टीन-फिफ्टीचा प्रश्न असाच बऱ्यापैकी सुटतो. लोसार्टन २५, ५० आणि १०० मध्ये येतं, म्हणजे तिथे ५०. मेलॉक्सिकॅम ७.५ आणि १५, म्हणजे तिथे १५. मर्टाझापीन ७.५, १५, ३०, ४५. सर्ट्रालीनच्या गोळ्या २५, ५०, १००. लेव्होथायरॉक्सिनचे ८८, ११२, १३७ मायक्रोग्रॅम हे आकडे विचित्र वाटले तरी खरे आहेत, ते 'दुरुस्त' करू नका.

नावांच्या जोड्याही अशाच सुटतात. सेलेब्रेक्स सहसा १०० किंवा २०० एमजी, सांधेदुखीला. सेलेक्सा १०, २०, ४०, नैराश्याला. तिसरं सेरेबिक्स, ते फिट्सवरचं इंजेक्शन. लॅमिसिलची गोळी २५० ची, नखांच्या बुरशीला. लॅमिक्टल २५, १००, १५०, २००, फिट्स किंवा बायपोलरला. क्लोनिडीन ०.१, ०.२, ०.३ आणि क्लोनोपिन ०.५, १, २.

पण डोस ही चाळणी आहे, पुरावा नाही. झायर्टेक आणि झायप्रेक्सा दोन्ही ५ आणि १० मध्ये मिळतात. हायड्रॅलझीन आणि हायड्रॉक्सिझीन दोन्ही १०, २५, ५०. इथे किती वेळा घ्यायचं आणि कशासाठी ते बघा. दिवसातून तीनदा, सोबत हार्ट फेल्युअर आणि बीपी, तर हायड्रॅलझीन. खाजेला किंवा अस्वस्थतेला 'गरजेप्रमाणे', तर हायड्रॉक्सिझीन. मेटोप्रोलॉल दिवसातून एकदा असेल तर बहुधा सक्सिनेट, दोनदा असेल तर टार्ट्रेट, पण डॉक्टरांनी सक्सिनेट किंवा टार्ट्रेट उच्चारलं नसेल तर ते आपण घालायचं नाही.

इन्सुलिनला यातलं काही लावू नका. १५ युनिटही शक्य, ५० युनिटही शक्य. वजन बघून, मधुमेह किती आहे ते बघून ठरवायचा मोह होतो, पण चुकलं तर रुग्णाच्या जिवावर बेततं. नि:शंक ऐकू आलं नाही तर ब्लँक. वॉर्फरिन आणि मॉर्फीनलाही हाच नियम.

दुसरं, यादी एकदाच येते असं नाही. डिस्चार्ज समरीत घरी घेत असलेली औषधं, हॉस्पिटल कोर्स, डिस्चार्जची औषधं आणि प्लॅन अशा चार जागी तेच नाव येतं, आणि डॉक्टर प्रत्येक जागी सारखंच गिळत नाहीत. म्हणून पहिल्या अडथळ्यावर बसून राहू नका. ब्लँक टाका, वेळ नोंदवा, पुढे जा. पुढे कळलं की शोधून मागे भरा. मागे भरताना डोस बदललाय का ते बघा, कारण प्रवेशाच्या वेळचा आणि डिस्चार्जचा डोस वेगळा असणं अगदी नेहमीचं.

---

सायली_एमटी

खूप आभार. लोसार्टन आणि मेलॉक्सिकॅमचं उदाहरण आजच कामी आलं. आता गॅस्ट्रोचे डॉक्टर. ते 'स्कोप वॉज ॲडव्हान्स्ड टू द' म्हणतात आणि पुढचं पुटपुटतात. बाकी सगळं दरवेळी तेच असतं, मग टेम्प्लेटमधून (ठरलेल्या नमुन्यातून) भरलं तर चालेल का? फिजिकल एक्झॅमचंही तसंच.

---

क्यूए_टेबल

टेम्प्लेटमधून भरू नका. जुना नमुना ऐकायला मदत करतो, ऐकण्याऐवजी तो चालत नाही.

एक जागा जवळून बघा. एक्स्ट्रीमिटीजमध्ये (हातपायांच्या तपासणीत) जवळपास प्रत्येक डॉक्टर 'नो क्लबिंग, सायनोसिस ऑर इडिमा' म्हणतात, म्हणजे बोटांची टोकं फुगलेली नाहीत, निळेपणा नाही, सूज नाही. तुम्हाला 'नो क्लबिंग… सायनोसिस…' एवढं ऐकू आलं आणि पुढे पुटपुट. हात सवयीने 'ऑर इडिमा' टाइप करतो. पण डॉक्टर म्हणाले असतील 'नो क्लबिंग ऑर सायनोसिस, वन प्लस इडिमा'. पायाला सूज असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची सूज रिपोर्टमधून नाहीशी झाली. ही क्रिटिकल एरर आहे, आणि ती कुणाला दिसतही नाही, कारण वाक्य वाचायला सुरेख आहे.

अशा ठिकाणी अक्षरांपेक्षा लांबी आणि चाल ऐका. 'ऑर इडिमा' चार अवयवांचं आहे आणि आवाज खाली येत संपतो. 'वन प्लस इडिमा' पाच अवयवांचं, आणि त्यात 'वन'वर जोर येतो. मग प्लॅनमध्ये फ्युरोसेमाइड (सूज उतरवणारं औषध) वाढवलंय का, हिस्टरीत पाय सुजल्याची तक्रार आहे का, ते बघा. दोन्ही जुळलं तर भरा, नाही तर ब्लँक.

तुमच्या एंडोस्कोपीचंही असंच. वरून केलेल्या तपासणीत स्कोप बहुतेकदा ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या) दुसऱ्या भागापर्यंत जातो. बहुतेकदा, नेहमी नव्हे. तिसऱ्या भागापर्यंत नेला असेल, किंवा अन्न शिल्लक असल्यामुळे पोटातच थांबला असेल. पुढे 'ड्युओडेनम नॉर्मल' आलं का, बायोप्सी कुठून घेतली, हे बघून ठरवा. कोलोनोस्कोपीत सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत) पोचल्याची खूण म्हणून ते आयलिओसीकल व्हॉल्व्ह आणि अपेंडिक्सचं तोंड दिसल्याचं सांगतात. ते ऐकू आलं तर गिळलेला शब्द 'सीकम' असणार.

जुने रिपोर्ट मात्र जरूर वापरा. प्लॅटफॉर्मवर त्याच डॉक्टरांचे क्यूए झालेले रिपोर्ट असतील तर तीन-चार काढून ऑडिओशेजारी ठेवा. वाक्यं कशी सुरू करतात, कुठली उपकरणं, टाक्यांचे कुठले धागे, कुणाला सीसी (रिपोर्टची प्रत) पाठवतात, याची डॉक्टरवार फाइल करा. एखादे सर्जन कायम ४-० मोनोक्रिलने त्वचा बंद करत असतील तर 'फोर-ओ म…' एवढं ऐकून तुमचं लक्ष योग्य दिशेला जातं. फाइलमध्ये रुग्णाचं नाव, तारीख, नंबर काहीही ठेवू नका.

ब्लँक कसा लिहायचा हेही महत्त्वाचं. नुसती रेघ सोडली तर क्यूएला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. टीप अशी द्या: '०२:१४, औषधाचं नाव, ऐकू आलं सेल-एक-स किंवा सेल-ब्रेक-स, डोस २० स्पष्ट, नैराश्याचा उल्लेख हिस्टरीत आहे.' अशा टिपेवर क्यूए चटकन निर्णय देऊ शकतो, आणि शेरा मारतानाही विचार करतो. अकाउंटमध्ये 'साउंड्स लाइक' लिहायची सोय असेल तर तिथेच लिहा. डॉक्टरांकडे जाणाऱ्या मजकुरात अंदाज राहू देऊ नका.

ब्लँकच्या संख्येबद्दल: ऑडिओच तुटका असेल तर ते ऑडिओ क्वालिटीचा कोड लावून नोंदवा. त्याच डॉक्टरांच्या तशा नोंदी साठल्या की कंपनीला क्लायंटकडे बोलायला आधार मिळतो. फोन स्पीकरवर ठेवून बोलणं, चालत बोलणं, रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच बोलायला लागणं, या गोष्टी फक्त डॉक्टरच सुधारू शकतात.

---

हेडफोन

क्यूए_टेबल यांच्या म्हणण्यात भर. स्पीच रेकग्निशनचा, म्हणजे संगणकाने ऐकून लिहिलेला, ड्राफ्ट येत असेल तर अवघड डॉक्टरांच्या फाइलमध्ये मजकूर आधी वाचू नका. छापलेला शब्द डोळ्यासमोर असला की कान तोच ऐकतो. ड्राफ्टमध्ये हमखास गळतं ते 'नो', उलटतं ते हायपो-हायपर आणि ही-शी. ॲबडक्शन-ॲडक्शन, डिस्फेजिया-डिस्फेझिया, पेरिनिअल-पेरोनिअल, या जोड्यांपाशी प्रत्येक वेळी थांबा. इलिअम दोन आहेत, ई वालं आतडं आणि आय वालं हाड. ते कानाला सारखेच, संदर्भानेच ठरतात. ड्राफ्टचा एक तृतीयांश भाग बदलावा लागतोय असं पहिल्या मिनिटात दिसलं तर सगळं पुसून सरळ टाइप करणं लवकर होतं.

---

सायली_एमटी

शेवटचे दोन प्रश्न. सीसीमधल्या डॉक्टरांची नावं कशी शोधायची? आणि स्पॅनिश उच्चारांचा कान तयार करायला काही सराव आहे का?

---

निळी_शाई

नावांसाठी आधी अकाउंटची फिजिशियन लिस्ट. तिथे नसेल तर एनपीआय रजिस्ट्री (अमेरिकेतल्या डॉक्टरांची सरकारी नोंदयादी) सगळ्यांना खुली आहे. राज्य आणि स्पेशालिटी निवडा, आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं आणि पुढे तारा टाका. एकाच आवाजाची दोन नावं निघाली तर ब्लँक. चुकीच्या डॉक्टरकडे रिपोर्ट गेला तर तोही गोपनीयतेचाच भंग आहे.

सरावासाठी जॉर्ज मेसन विद्यापीठाचं स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह घ्या. जगभरच्या लोकांनी तोच एक इंग्रजी परिच्छेद वाचलाय, मातृभाषेप्रमाणे शोधता येतो. आधी अमेरिकन माणसाचं वाचन ऐका, मग चार-पाच स्पॅनिश भाषकांचं. मजकूर ठाऊक असल्यामुळे काय बदललं तेवढंच कानात भरतं. ऐकताना बदललेले शब्द देवनागरीत लिहून काढा. मेक्सिको, क्यूबा आणि स्पेनचे वेगवेगळे ऐका. क्यूबन बोलण्यात शब्दाअखेरचा 'स' बऱ्याचदा गळतो, आणि तुमचे कार्डिऑलॉजिस्ट अनेकवचनं खात असतील तर तिथून सुरुवात करा.